आठ तास मागे

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. सोळा वर्षं झाली. बहिणीचा मुलगा आकुर्डीला इंजिनिअरिंग शिकत होता. आम्ही मामा-भाच्यांनी मिळून अडीच वर्षांत एक मराठी गेम बनवला, ‘दुसरी पाळी’. माझी सुट्टी गुरुवारी, त्याची रविवारी, म्हणून बरंचसं काम रात्री जेवणं झाल्यावर, तायडीच्या डायनिंग टेबलावर झालं.

गोष्ट साधी आहे. १९९९ साल, एका काल्पनिक कारखान्यातून पगाराच्या दिवशी पैशांची पेटी गायब होते. स्टोअरच्या क्लार्कवर आळ येतो, नोकरी जाते. वीस वर्षांनी त्याच्या मुलाला कुदळवाडीच्या भंगारात त्याच कारखान्यातलं पंचिंगचं घड्याळ सापडतं. वडिलांचं जुनं कार्ड त्यात घातलं की तो त्या तारखेला, त्या पाळीत जाऊन पडतो. पुन्हा पंच केलं की आठ तास मागे. चोर कोण, ते त्याने शोधायचं. (आम्ही फोटो काढायला गेलो ती कुदळवाडीही आता मागेच गेली म्हणायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली बहुतेक शेड पाडली.)

गेम बनवण्याचं तंत्र आम्ही रेनपाय या फुकट मिळणाऱ्या साधनावर शिकलो. त्याची आमच्याकडची आवृत्ती जुनी होती, जोडाक्षरं फुटायची, ‘दुसऱ्या’तल्या ऱ्याचे तर तीन तुकडे व्हायचे. पण ते निभावलं. अडलो ते पात्रांवर. काळात मागे-पुढे जाणाऱ्या रहस्यकथेत ठरलेली पात्रं असतात, नाटक कंपनीत राजा, विदूषक आणि खलनायक ठरलेले असावेत तशी. ती आम्ही जपानी आणि परदेशी गेममधून उचलली आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकलो. चुकून जे कळलं ते खाली लिहितो.

आधीच सांगतो, स्टाइन्स गेट, घोस्ट ट्रिक आणि लाइफ इज स्ट्रेंज या तिन्ही गेमची गुपितं खाली फोडली आहेत. खेळायचे असतील तर आधी खेळून या.

१. ज्याला एकट्यालाच सगळं आठवतं, तो हुशार नको, हैराण हवा.

आमचा नायक पहिल्या मसुद्यात फार शहाणा होता. उद्या काय होणार ते त्याला माहीत, म्हणून प्रत्येकाला टोमणे मारत फिरायचा. शेजारच्या निवृत्त काकांना खेळायला दिला तर ते दहा मिनिटांत म्हणाले, “हा पोरगा आमच्या खात्यात असता तर कँटीनमध्ये याच्या शेजारी कोणी बसलं नसतं.”

मग आम्ही २००९ चा स्टाइन्स गेट पुन्हा खेळलो. टोकियोतल्या आकिहाबाराला एका इमारतीत भाड्याच्या खोलीला प्रयोगशाळा म्हणणारी कॉलेजची पोरं. त्यांच्या मायक्रोवेव्हला फोन जोडला की भूतकाळात निरोप जातो. निरोप गेला की जग बदलतं आणि आधीचं जग फक्त ओकाबेला आठवतं. तो वेड्या शास्त्रज्ञाचा आव आणतो, मोठमोठ्याने हसतो, बंद फोनवर बोलत राहतो. सुरुवातीला ते सोंग विनोदी वाटतं. पुढे कळतं की आठवणीचं ओझं लपवायला ते सोंगच त्याच्या कामी येतंय. ज्या मैत्रिणीशी काल जिवाभावाचं बोलणं झालं, तिच्या लेखी ते घडलेलंच नसतं. सांगणार कोणाला?

मराठीत हा माणूस आपल्याला फार आधी भेटलाय. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधले प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. पानिपत मराठ्यांनी जिंकलं अशा दुसऱ्याच हिंदुस्थानात ते जाऊन पडतात. तिथे मुलाच्या ऑफिसात चौकशी केली तर त्या नावाचं कोणी कामालाच नाही. शेवटी टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतः लिहिलेल्या इतिहासाचे खंड उघडतात, आपलं जग नेमकं कुठे फाटलं ते शोधायला.

हीच कथा इंग्रजीत अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात आहे. भाचा अकरावीला असताना ती परीक्षेसाठी वाचत होता, मी कपड्यांना इस्त्री करत ऐकत होतो. पुणे-मुंबई गाडी सुटते, जिजामाता एक्स्प्रेस, डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान. आणि लेखक जाता जाता सांगून टाकतो की पुण्याबाहेर औद्योगिक वसाहतीच नव्हत्या, चाळीस मिनिटांत लोणावळा आलं. मी इस्त्री बाजूला ठेवली. पुण्याबाहेरच्या औद्योगिक वसाहती म्हणजे कोण? दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. म्हणजे आम्ही. १९५४ चा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स नाही, १९६२ ची एमआयडीसी नाही, १९७० ची नगरपालिका नाही, १९८२ ची महानगरपालिका नाही. माझे वडील कामाला लागलेच नाहीत, तायडीचं लग्न इथे झालं नाही, समोर बसून वाचणारा हा पोरगाही नाही. पानिपत जिंकल्याच्या बदल्यात आमचं आख्खं गाव एका वाक्यात गेलं.

गेम लिहिताना हे आठवलं, त्या रात्री आम्ही नायकाचे सगळे टोमणे काढून टाकले. आता तो पहिल्या पाळीतून परत येतो, आई त्याला दार उघडते आणि विचारते, “कोण पाहिजे?” पुढची चार मिनिटं तो काहीच बोलत नाही. हा प्रसंग सगळ्यांना आवडला. श्रेय नारळीकरांचं. २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा गेम अर्धवट होता. पहिल्या पाटीवर त्यांचं नाव आहे.

२. यंत्र बनवणारा मित्र जाडा, खादाड आणि कॉम्प्युटरचा किडा असलाच पाहिजे असं काही नाही.

स्टाइन्स गेटमधला दारू तसा आहे. (जपानी टोपणनाव आहे, आपली दारू नव्हे.) आम्हीही तसाच ठेवला होता. मग भाच्याच्याच वर्गातला तसा दिसणारा एक मुलगा गेम खेळला, हसला आणि नंतर गप्प झाला. बदललं. आता घड्याळ दुरुस्त करते ती एक टूलरूमवाली बाई, आयटीआय झालेली, घाईत असलेली. एवढंच.

३. जिला मरावंच लागतं, तिला आधी काहीतरी हवं असू दे.

या जातीच्या गोष्टींत एक जीव असा असतो की तो वाचतच नाही. ओकाबेची मयुरी. त्याने काहीही करावं, ठरलेली वेळ आली की ती जाते. कधी गोळीने, कधी गाडीखाली. प्रत्येक वेळी तो मागे जातो, वाट बदलतो, आणि ती जातेच. लाइफ इज स्ट्रेंजमध्ये मॅक्सची मैत्रीण क्लोई तशी.

आमच्या गोष्टीत नायकाची आत्या होती. १९९९ मध्ये बावीस वर्षांची, कारखान्याच्या गेटसमोर बसखाली सापडते. चार वेळा. लिहिताना आम्हाला वाटत होतं, लोक रडतील. तायडीने वाचलं आणि विचारलं, “ही रोज गेटवर कशाला येते?” आम्ही म्हटलं, गोष्टीसाठी. “गोष्टीसाठी कोणी बस पकडत नाही. डबा घेऊन येते का? कोणासाठी? स्वतः कुठे कामाला आहे? हिला काय हवंय?”

उत्तर नव्हतं. आम्ही तिला फक्त मरण दिलं होतं. मयुरीला बघा. ती चाहत्यांच्या संमेलनांना घालायचे पोशाख शिवते, मित्रांची जमवाजमव करते, तिचं एक खिशातलं घड्याळ आहे. ते थांबलं की आपल्या छातीत धस्स होतं, कारण त्याआधी पंधरा तास आपण तिच्याबरोबर केळी आणि तळलेलं चिकन खात बसलेलो असतो. आमची आत्या आता टायपिंगच्या परीक्षेला बसलीय, मराठी ३०, इंग्रजी ४०, आणि निकालाच्या दिवशी भावाला सांगायला गेटवर येते. चारऐवजी एकदाच सापडते. खेळणाऱ्याला तो निकाल कळतो, तिला कळत नाही.

लाइफ इज स्ट्रेंजमधली एक जागा इथे शिकण्यासारखी आहे. मॅक्सला वेळ उलटी फिरवता येते, पण केट नावाची मुलगी वसतिगृहाच्या गच्चीवर उभी असते तेव्हा नेमकी ती शक्ती चालत नाही. आता फक्त बोलायचं. आधीच्या भागांत केटच्या खोलीत जाऊन तिचं काय वाचलं, तिचा फोन घेतला की नाही, तेवढंच कामाला येतं. ज्याने तिच्याकडे लक्ष दिलेलं नाही, तो तिथे अडतो.

४. भविष्यातून आलेला माणूस अर्धवट बोलतो. त्याचं कारण क्षुल्लक असावं.

हे पात्र तुम्ही पाहिलंय. सगळं जाणतो, पण “वेळ आली की कळेल” म्हणून निघून जातो. का? लेखकाला पुढचे दहा तास काढायचे असतात म्हणून. खेळणारा चिडतो आणि त्याचं बरोबर आहे.

मी मात्र रोज सकाळी सात वाजता असा माणूस पाहतो. तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर पहिल्या पाळीच्या रजिस्टरला लिहितो, ‘मशीन ओके’. त्याला माहीत असतं की पहाटे चारला स्पिंडलमधून आवाज आला होता. तो खोटारडा नाही, आमचं वाईट करणारा तर मुळीच नाही. त्याची कंपनीची बस सात दहाला सुटते आणि आवाजाबद्दल लिहिलं तर मेंटेनन्सवाला येईपर्यंत थांबावं लागतं. मी तीन तास डोकं फोडतो ते त्याच्या बसपायी.

आमच्या गेममध्ये भविष्यातून येणारा म्हातारा आहे, नायक स्वतःच, साठीचा. पहिल्या मसुद्यात तो कोड्यात बोलायचा. आता तो सगळं सांगायला तयार असतो, पण पुढच्या पंचला सहा मिनिटं उरलेली असतात आणि त्याला आधी वडिलांना एकदा लांबून बघायचं असतं. तो खिडकीशीच उभा राहतो. सांगायचं राहून जातं.

५. गुन्हेगार पाहुणा नको, घरचा हवा.

आमचा पहिला चोर शिफ्ट इनचार्ज होता. मिशा, गॉगल, बुलेट. गेम खेळून पाहणाऱ्या अकरापैकी नऊ जणांनी पहिल्या पंचालाच ओळखला. परदेशी लोक हे बरोबर करतात. लाइफ इज स्ट्रेंजमधला नराधम म्हणजे फोटोग्राफीचे मास्तर, वर्गातला सगळ्यांचा लाडका. स्टाइन्स गेटमध्ये मयुरीवर गोळी झाडणारी मोएका त्यांच्याच प्रयोगशाळेची सभासद असते.

भाच्याने दुसरा चोर सुचवला आणि मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. वडिलांच्या बाजूने साक्ष देणारा एकमेव माणूस. नोकरी गेल्यावर ज्याने मुलाची शाळेची फी भरली, वीस वर्षं दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवला. मुलगा त्याला काका म्हणतो. काळात मागे जाऊन चोर सापडतो तेव्हा काकांच्या चकल्या अजून डब्यात असतात.

६. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विसरू नका.

इथे मी जरा लांबणार आहे, कारण हे मला गेमने शिकवलं की कारखान्याने, अजून नक्की सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तक्रार आली. कस्टमरच्या लाइनवर आमच्या असेंब्लीचा एक नट सैल निघाला. एक, मग चार, मग अकरा. पंच कोडवरून तारीख आणि पाळी काढली. सगळे दुसऱ्या पाळीचे. त्यातही संध्याकाळी सहा ते आठमधले. ऑपरेटर बदलून पाहिला, एअर गन बदलली, नटचा लॉट बाजूला काढला. रोज सकाळी मीटिंग, भिंतीवर माशाच्या काट्याची आकृती, पाच वेळा ‘का’. पाचव्या ‘का’ला आम्ही दर वेळी एकाच उत्तरावर यायचो, ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. त्याला समज दिली. नट सैलच.

नवव्या दिवशी मी मागच्या बाजूला फोनला रेंज शोधत फिरत होतो. कंप्रेसर रूमच्या दाराशी तिथले काका स्टुलावर बसले होते. सहज विचारलं, काय चाललंय. म्हणाले, “काही नाही साहेब, सहा वाजले ना, आता काटा पडणार बघा.” आणि माझ्यासमोर एअर प्रेशरचा काटा सहावरून साडेचारवर आला. पलीकडच्या शेडमध्ये सँड ब्लास्टिंग सुरू झालं होतं. महिन्यापूर्वी त्याची वेळ बदलून संध्याकाळी सहा ते आठ केली होती, कारण दिवसा धूळ होते अशी ऑफिसची तक्रार. ब्लास्टिंग हवा ओढतं, लाइनवरचं प्रेशर पडतं, गन पूर्ण ताकदीने नट आवळत नाही. मी म्हटलं, काका, हे आधी का नाही सांगितलं? “मला मीटिंगला कोण बोलावतं?”

त्यानंतर काही महिन्यांनी मी स्टाइन्स गेटच्या त्या भागाला पोचलो आणि खुर्चीतून उठलो. पोरांचा मायक्रोवेव्ह कधी चालतो, कधी चालत नाही. दुपारी चालतो, रात्री नाही. हुशार मंडळी गणितं मांडतात. उत्तर त्यांच्या पायाखाली असतं. खालच्या मजल्यावर घरमालकाचं जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींचं दुकान आहे. त्यातला ४२ इंची टीव्ही चालू असेल तेव्हाच वरचं यंत्र चालतं. दुकान बंद, टीव्ही बंद, कालप्रवास बंद. तो दणकट, तिरसट घरमालक आपल्याला तासन्‌तास विनोदाला ठेवलेला वाटतो. (गेमने पुढे त्याला आणखी एक तोंड दिलंय. ते तेवढं नाही सांगत.)

‘दुसरी पाळी’त हे काम आमच्या चहावाल्याकडे आहे. नायक कॅशियरला विचारतो, सुरक्षारक्षकाला विचारतो, रजिस्टरं चाळतो. चहावाला प्रत्येक पाळीत त्याच्या बाजूने किटली घेऊन जातो आणि ‘चहा?’ एवढंच विचारतो. खेळणाऱ्याने पाचव्या वेळी हो म्हटलं, तर तो बसतो आणि बोलता बोलता सांगतो की त्या दिवशी कॅशियर साहेबांचा कप भरलेलाच परत आला. साय धरलेली. म्हणजे चार वाजता केबिनमध्ये साहेब नव्हते, आणि तरी आतून कोणीतरी “ठेव” म्हणालं होतं. तो आवाज साक्ष देणाऱ्या काकांचा. अकरा जणांपैकी चौघांनीच चहाला हो म्हटलं. बाकीचे घाईत होते.

७. कुत्रं ठेवा.

२०१० च्या घोस्ट ट्रिकमध्ये मेलेला नायक कोणाच्याही मृत्यूच्या चार मिनिटं आधी जाऊ शकतो. त्याला नियम समजावतो एक टेबललॅम्प. शेवटी कळतं की लॅम्पमधला आत्मा म्हणजे मिसाइल हे पॉमेरेनियन कुत्रं आहे, ज्याने आपल्या माणसांना वाचवायला दहा वर्षं वाट पाहिली. दिग्दर्शक शू ताकुमी यांच्या स्वतःच्या कुत्र्याचंही नाव मिसाइलच. ही सगळी जुळवाजुळव कागदावर हास्यास्पद वाटते. खेळताना मी रडलो, हे तायडीला माहीत आहे.

चाकणच्या प्रत्येक कंपनीच्या गेटवर एक कुत्रं असतं. पाळी बदलताना ते कोणावर भुंकतं आणि कोणावर नाही, यावरून कोण नवीन ते रक्षकाला कळतं. आमच्या गेममध्ये ते भविष्यातल्या म्हाताऱ्यावर भुंकत नाही. तेवढ्यावरून लक्ष असणाऱ्याला तो कोण ते समजतं.

८. जागाही पात्र आहे आणि तिचंही वय वाढतं.

हे सगळ्यात उशिरा कळलं. आमची पात्रं वीस वर्षं मागे जात होती, पण मागची पार्श्वभूमी आजचीच होती, मेट्रोच्या खांबांसकट. पिंपरीला मेट्रो सुरू झाली मार्च २०२२ मध्ये. माझ्या वडिलांना दाखवलं तर त्यांचं लक्ष गोष्टीकडे गेलंच नाही. “इथे सायकली कुठायत?” पाळी सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा, रस्ता ओलांडायला वीस मिनिटं थांबावं लागे, हे त्यांनी सांगितलं. आम्ही सायकली काढल्या. एकशे चाळीस. भाच्याने.

वडील बजाजला होते, आकुर्डीत, चेतकवर. २००७ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. २०२२ च्या जूनमध्ये त्याच आवारात विजेवरची चेतक बनवायला सुरुवात झाली. पंधरा वर्षांनी तीच जागा, तेच नाव. शेजाऱ्याने घेतली, वडिलांना चक्कर मारायला दिली. कॉलनीला एक फेरी मारून आले, स्टँडला लावली, हँडलवरून हात फिरवला. म्हणाले, “चांगली आहे. आवाज येत नाही रे पण.”

तर आवाजाचंच अडलंय. गेम सत्तेचाळीस मिनिटांचा आहे, पूर्ण आहे, भाचा आता चाकणलाच नोकरीला लागलाय आणि त्याला खरोखरच दुसरी पाळी आहे. फक्त पंचिंग घड्याळाचा खरा आवाज आमच्याकडे नाही. कार्ड आत जातं तेव्हाचा खट्ट आणि त्यामागून येणारी बारीक घंटी. सध्या तिथे स्टेपलरचा आवाज घातलाय आणि वडील प्रत्येक वेळी मान हलवतात. कोणाच्या घरी, कोणाच्या वर्कशॉपच्या माळ्यावर तसलं घड्याळ चालू स्थितीत असेल, तर फक्त एकदा कार्ड घालून मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आम्ही येऊन घेऊन जाऊ. गुरुवारी आलो तर चालेल ना?